ड्रमांच्या खोलीत पलंग

बानाबाईनं खोली मागितली तेव्हा तिचा मुलगा रामेश्वर जेवायला बसला होता. तोंडाशी नेलेला घास तसाच हातात राहिला.

"कसली खोली, माय?"

"निजायची. मपली आन् तुझ्या आप्पाची."

तव्यापुढं उभी असलेली सून, सत्यशीला, भाकरी उलटायची विसरली. करपल्याचा वास सुटला तेव्हा ती भानावर आली. रामेश्वरनं एकदा आईकडं पाहिलं, एकदा उघड्या दारातून बाहेर. बाहेर ओट्यावर आप्पा रोजच्यासारखे भिंतीला पाठ लावून बसले होते.

"या वयात?" तो आवाज खाली आणून म्हणाला.

"मंग कोणत्या वयात? त्या वयात व्हती का कुठं खोली?"

खोली खरंच नव्हती. मूळ देवगाव रंगारीच्या शिवारातलं हे धनगराचं घराणं. बानाबाई लग्न करून आली ती थेट मेंढरांच्या वाड्यावर. दिवाळी सरली की कळप कन्नडचा घाट उतरून खानदेशात जायचा; आज याच्या वावरात मुक्काम, उद्या त्याच्या. मधी मेंढरं, कडेनं माणसं, वर आभाळ. एका हाताला सासू, दुसऱ्या हाताला दीर. नव्या नवरा-बायकोला दोन शब्द बोलायचे तर मेंढरं पाण्यावर न्यायचं निमित्त काढावं लागायचं. लेकरं झाली तशी बानाबाई गावात राहू लागली, सासू-सासऱ्यांच्या एका खणाच्या घरात, आणि आप्पा निम्म्याहून जास्त वर्ष घाटाखाली. संसार झाला, पण तो असा येता-जाता झाला.

मग ते करपलेलं साल आलं. विहिरींनी तळ दाखवला, चाऱ्याची पेंढी सोन्याच्या भावानं जाऊ लागली. आप्पांनी कळप विकला आणि हातात नुसती काठी घेऊन ते औरंगाबादला पोराच्या घरी आले. रामेश्वर वाळूजच्या कंपनीत कामाला होता. पडेगावच्या माळावर त्यानं जागा घेऊन घर बांधलं होतं. आजूबाजूला तेव्हा बोरी-बाभळी होत्या. बघता बघता तिथं इमारतींचे सांगाडे उभे राहिले. आप्पा ओट्यावर बसून ते बघायचे. ओट्यावरच निजायचे. चार शब्द विचारले तर एक बोलायचे. लोक म्हणायचे, म्हातारा शहरात रुळला. बानाबाईला ठाऊक होतं, हे रुळणं नव्हे.

घरात वरती पत्र्याची खोली होती, ती रामेश्वर-सत्यशीलाची. खाली पुढं बैठक, मागं स्वयंपाकघर, तिथं एका कडेला बानाबाईचं अंथरूण. आणि बाजूला एक चांगली ऐसपैस खोली होती. तिच्यात पाणी राहायचं. नळ आठवड्यानं यायचा, कधी त्याहून उशिरा. म्हणून भिंतीला भिंत लावून निळे ड्रम, त्यांच्यामधी घागरी, वर हंडे. खिडकीचं एक भोकसं होतं, तेही ड्रमाआड गेलेलं. अशा रीतीनं एकाच घरात राहून म्हातारा-म्हातारीच्या मधी दोन दारं आणि गावभराचं पाणी होतं.

बानाबाईच्या डोक्यात हे आलं ते कामावरून. माळावरच्या एका नव्या इमारतीत ती झाडू-पोछा करायला जायची. इमारत अजून पुरी झालेली नव्हती, पण दुसऱ्या मजल्यावर एक घर नटवून ठेवलेलं होतं, गिऱ्हाइकांना दाखवायला. सगळे त्याला सॅम्पल फ्लॅट म्हणायचे. त्यात एक बेडरूम होती. पिवळसर भिंती, मऊ पडदे, उशाशी दोन्हीकडं छोटे दिवे, पलंगावर अशी चादर की हात लावताना आपलाच हात खरबरीत वाटावा. बानाबाई रोज ती खोली पुसायची. ज्या खोलीत कधी कुणी निजलं नव्हतं तीच खोली माणसाला कशी 'ये, बस' म्हणायची!

एके दिवशी एक नवं जोडपं घर बघायला आलं. माणूस गॅलरी बघायला पुढं गेला आणि बायको पलंगाच्या काठावर बसली. नवऱ्यानं वळून पाहिलं. दोघंही हसली, उगीच. बानाबाई कोपऱ्यात फडकं पिळत होती. तिला त्या पोरीचा हेवा वाटला नाही. एवढंच वाटलं, की आपल्याकडं असं वळून बघायला आपल्या माणसाला कधी जागाच मिळाली नाही. त्याच संध्याकाळी तिनं घरी येऊन खोली मागितली.

"बरं, पर ड्रम कुठं ठेवायचे?" रामेश्वरनं शेवटी विचारलं. "पाणी महत्त्वाचं का पलंग?"

"पाण्याला बी जागा करू," बानाबाई म्हणाली. "अंगणात हौद खांदू. जिमिनीच्या पोटात राहील पाणी."

"खांदणार कोण? खाली सगळा मुरूम हाये."

बानाबाई उठून ओट्यावर गेली. "आवं," ती आप्पांना म्हणाली, "अंगणात हौद करायचाय. गडी लावायचा का तुम्ही खांदता?"

आप्पांनी उठून अंगणातला मुरूम पायाच्या अंगठ्यानं उकरून पाहिला. मग म्हणाले, "गडी कशाला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धोतर वर खोचलं आणि पहार हातात घेतली. पहिला घाव बसला तेव्हा सत्यशीला धावत बाहेर आली. सासऱ्यानं कामाला हात घातलेला तिनं इतक्या वर्षांत पाहिला नव्हता. मुरूम कातळासारखा कडक होता. आप्पा बेतानं खणायचे, दमले की खड्ड्यातच बसायचे, बानाबाई वरून पाण्याचा तांब्या द्यायची. गल्लीतली माणसं थांबून बघायची. समोरचे नवाबभाई सुतार दुकानातून ओरडायचे, "आप्पा, पाताळात चालले का?" आणि आप्पा खड्ड्यातून ओरडायचे, "तिकडं तरी नळ रोज येत असंल!" बानाबाईनं ते ऐकलं आणि पदरात तोंड धरून ती हसली. कितीतरी दिवसांनी माणूस थट्टा करत होता.

हौद झाला, गिलावा झाला, त्यावर झाकण बसलं. ड्रम निघाले. रिकामी खोली ओलसर आणि अंधारी होती, पण तिच्या मधोमध उभं राहिलं की चारी बाजूंनी हात पसरता यायचे. बानाबाईनं पसरून पाहिले.

त्याच आठवड्यात रामेश्वर म्हणाला, "माय, कंपनीतला एक पोरगा खोली शोधतोय. चांगला हाये. भाड्यानं देऊन टाकू. घराला मदत हुईल."

बानाबाई शांतपणे म्हणाली, "रामा, तू जलमला तवा मी वाड्यावर व्हते. चार काठ्या, वर घोंगडं. तुला कडंला घेऊन मी मेंढरामागं चालले. मला त्याचं दुख नाय. पर आज घर हाये, हौद तुझ्या बापानं खांदलाय, आन् मी कमवून आणते. ही खोली भाड्यानं जायची नाय. लई झालं आडोशाआडून बोलणं."

रामेश्वरची मान खाली गेली. "मी असा इचार केला नव्हता, माय."

"कुणीच करत नाय. म्हनून मी केला."

त्या दिवसापासून बानाबाईनं कंबर कसली. पहिलं काम खिडकीचं. उजेड नसला तर खोली कसली, ती तर कोठी. नवाबभाई तिला जुन्या बाजारात घेऊन गेले. शहरात रस्ते रुंद करताना जुनी घरं पडली होती, त्यांची दारं-खिडक्या तिथं ढिगानं पडलेली. त्या ढिगात बानाबाईला एक खिडकी दिसली: सागवानी चौकट, वरच्या कमानीत लाल, हिरव्या आणि पिवळ्या काचा. एक काच गेलेली होती.

"भाभी, नवी घ्या ना, सरकती, अॅल्युमिनियमची," नवाबभाई म्हणाले.

"हीच," बानाबाई म्हणाली. "हिच्यातून ऊन रंग घेऊन येईल."

नवाबभाईंनी चौकट तासून, तेल पाजून उगवतीच्या भिंतीत बसवली. गेलेल्या काचेच्या जागी निळी काच लावली. भिंती रंगवायची वेळ आली तेव्हा रंगवाल्यानं विचारलं, क्रीम कलर देऊ का, सगळे तोच घेतात. बानाबाईनं स्वयंपाकघरातून हळदीचा डबा आणला आणि चिमूटभर हळद दुधात कालवून त्याला दाखवली. "असा. जरद नको, फिका नको." उशाकडची भिंत तेवढी डाळिंबी करायला लावली. रंगवाला हसला, पण दोन हात देऊन झाल्यावर तोच दारात उभा राहून बघत राहिला.

पलंग नवाबभाईंनीच केला. उंच नको, असं बानाबाईनं बजावलं होतं. आप्पांचा जन्म जमिनीवर निजण्यात गेला होता, उंचावर त्यांना झोप लागली नसती. पडदे शिवायला ती नवाबभाईंच्या बायकोकडं, सगीराकडं गेली. सगीरा मशीनवर बसून गल्लीभराचे ब्लाउज शिवायची.

"क्या आपा, घर में नई दुल्हन आ री क्या?" सगीरानं डोळे मिचकावत विचारलं.

"जुनीच हाये," बानाबाई म्हणाली. "फक्त खोली नवी."

सगीरा मशीन थांबवून हसली, मग एकदम हसायची थांबली. "हौ आपा. सही बात है. अल्ला कसम, सही बात है."

तिनं सुचवलं की एखादी जरीची जुनी साडी असेल तर तिचे पडदे छान होतील. बानाबाईनं मान हलवली. "जुन्याचं काय बी नको. जलमभर फाटक्याच्याच वाकळा शिवल्या. या खोलीत सगळं कोरं पाहिजे." मग दोघी गुलमंडीच्या बाजारात गेल्या. बानाबाईनं पडद्याला पांढरं पातळ कापड घेतलं, ज्यातून ऊन गाळून यावं. चादर घेतली गर्द गुलाबी, काठाला बारीक पांढरी फुलं. आणि उशाला दोन छोटे दिवे. दुकानदारानं विचारलं, "सुनेसाठी का मावशी?" बानाबाई म्हणाली, "नाय. माझ्यासाठी." ते तिनं असं म्हटलं की शेजारच्या दोन बायांनी वळून पाहिलं. तिनं पाहू दिलं.

खोली लावायला सत्यशीला न सांगता आली. तिनं आरसा टांगला, दिव्यांची माळ डाळिंबी भिंतीवर सोडली, चादरीची सुरकुती काढली. बानाबाईनं काशाच्या वाटीत पाणी घालून त्यात मोगऱ्याच्या कळ्या सोडल्या. रामेश्वरनं ते पाहिलं आणि राहवेना म्हणून बोललाच, "माय, पाणी फुलांना?"

"वाटीभर हाये. सकाळी तुळशीला घालीन," बानाबाई म्हणाली. "तुळशीनं आन् म्या ठरवलंय तसं."

संध्याकाळी दिवे लावले. पिवळी भिंत उजळली, डाळिंबी भिंत उबदार झाली, वाटीतल्या कळ्या उमलायला लागल्या. बानाबाईनं सॅम्पल फ्लॅटची खोली आठवून पाहिली. तिची खोली सरस होती. उगीच म्हणायचं म्हणून नव्हे; खरंच सरस होती.

तिनं आप्पांना हाक मारली. ते दारापर्यंत आले आणि उंबऱ्यावर थबकले. सगळीकडं नजर फिरवली.

"कुणाचं लगीन हाये?"

"आपलंच की. उरलेलं."

आप्पांच्या ओठांच्या कडा हलल्या. पण आत आले नाहीत. "मला कोंडल्यावानी हुतं गं आत," ते म्हणाले आणि ओट्यावर जाऊन पडले.

बानाबाईला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगायचं. पण तिनं ओढाताण केली नाही. मेंढरू दाव्यानं आत येत नाही, हे ज्याच्याशी संसार केला त्यानंच तिला शिकवलं होतं. ती एकटी पलंगावर निजली आणि दार सताड उघडं ठेवलं. सकाळी जाग आली तेव्हा तिच्या हातावर लाल आणि हिरवा उजेड पडला होता. ती तशीच पडून राहिली. आयुष्यात पहिल्यांदा ती उजाडल्यावरही अंथरुणात होती.

असे काही दिवस गेले. मग एका सुट्टीच्या दुपारी तिनं चहा केला आणि ओट्यावर न नेता खोलीतच ठेवला. "चहा इथं हाये," एवढं म्हणाली. बाहेर उन्हाचा तडाखा होता, ओटा तापला होता. आप्पा आले. पलंगावर न बसता खिडकीपाशी जमिनीवर बसले. झुळूक आली तसा पांढरा पडदा त्यांच्या खांद्यावरून गेला. त्यांनी बशीतला चहा फुंकला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले,

"काबरी माघारी आली व्हती."

बानाबाईला आधी कळलं नाही. काबरी म्हणजे कळपातली पुढं चालणारी मेंढी, ठिपकेदार. सगळा कळप तिच्या मागं घाट उतरायचा.

"कवा?"

"इकली त्या दिवशी. बाजारातून निघालो, तं मागं पाऊल वाजलं. पावलावरनंच वळखली म्या. दावं तोडून आली व्हती. व्यापाऱ्याच्या माणसानं नेली धरून. म्या वळून बघितलं नाय." आप्पांनी बशी खाली ठेवली. "बघितलं असतं तं दिली नसती. आन् दिली नसती तं उपाशी मेली असती माझ्यापशी."

एवढी वर्षं हे त्यांच्या पोटात होतं. ओट्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांदेखत ते बोलणार कसे, आणि स्वयंपाकघरात लेक-सुनेपुढं तरी कसे? बानाबाई खाली उतरली आणि त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली. त्यांचा हात घेतला. तो हौद खणून पुन्हा घट्ट झालेला होता.

"काबरीला पुढं चारा भेटला आसंल," ती म्हणाली.

"व्हय," आप्पा म्हणाले. "मोठा व्यापारी व्हता. भेटला आसंल."

त्या दिवशी ते पुष्कळ बोलले. घाटातल्या लांडग्याचं, मेलेल्या भावाचं, आणि बानाबाईनं पहिल्या वर्षी मेंढरं पाण्यावर न्यायच्या निमित्तानं नेसलेल्या हिरव्या लुगड्याचं, जे तिला वाटत होतं त्यांनी पाहिलंच नव्हतं. संध्याकाळी त्यांनी स्वतः पलंग ओढून खिडकीशी लावला, डोक्याशी वारा यावा असा. मग ओट्यावर गेले आणि आपलं अंथरूण काखोटीला मारून आत आले. बानाबाईनं ते अंथरूण दारातच काढून घेतलं. "ते नको. आत गादी हाये," ती म्हणाली.

गल्लीत बोलबाला झाला. सगीरा आपल्या मुलीला, आमरीनला, खोली दाखवायला घेऊन आली. मग आणखी बाया आल्या. कुणी तोंडावर वा वा केली, कुणी पाठीमागं 'म्हातारचळ' म्हटलं. बानाबाईच्या कानावर दोन्ही आलं. ती येईल तिला खोली दाखवायची, आणि दाखवताना तिची मान इतकी ताठ असायची की डोक्यावर भरलेली घागर आहे असं वाटावं.

खरी कसोटी लागली ती गोजरबाई आल्या तेव्हा. गोजरबाई म्हणजे आप्पांच्या थोरल्या बहीण, पाचोडला दिलेल्या. तोंडानं तिखट. त्यांच्यासमोर आप्पांची कधी मान वर झाली नव्हती आणि बानाबाई तर लग्नापासून त्यांच्या धाकात. एका लग्नासाठी त्या शहरात आल्या आणि मुक्कामाला भावाकडं उतरल्या.

हातपाय धुऊन त्यांनी घर पाहिलं. खोलीच्या दारात आल्या आणि कमरेवर हात ठेवले.

"अगं बया! हे काय? नटीची खोली का काय?"

"मपली खोली हाये, आक्का," बानाबाई म्हणाली.

"नातवंडं खेळवायच्या दिसांत हे चाळे? लाज नाय वाटत?" मग पलंगावर हात फिरवत म्हणाल्या, "बरं झालं, माझी कंबर दुखते. मी निजन इथं."

पाहुण्याला घरातली चांगली जागा द्यायची, ही रीत. आणि ही तर थोरली नणंद. सत्यशीलानं मुकाट उशी उचलायला हात पुढं केला. बानाबाई उभी होती. तिच्या मनात आलं, चार दिवसांचा तर प्रश्न आहे. लगेच दुसरं मनात आलं, जन्मभर चार-चार दिवसांचाच प्रश्न होता.

ती काही बोलणार तेवढ्यात मागून आप्पा म्हणाले, "आक्का, तुझं अंथरूण बैठकीत घातलंय. जाड गादी हाये. पंखा बी हाये."

गोजरबाई वळल्या. "आन् ही खोली?"

"इथं आम्ही निजतो," आप्पा म्हणाले. "मी आन् बाना."

बायकोचं नाव त्यांनी चारचौघांत कधी घेतलं नव्हतं. रामेश्वर खाली बघायला लागला, पण हसू लपवायला. सत्यशीलानं उशी परत होती तिथं ठेवली आणि वरून हलकेच थोपटली. बानाबाईनं खिडकीच्या चौकटीवर हात टेकला. पाहुण्यांदेखत तिचा कुणी असा मान राखला नव्हता, आणि राखला तो त्या माणसानं, जो बहिणीपुढं कधी मान वर करत नव्हता.

गोजरबाई फणकाऱ्यानं बैठकीत गेल्या. जेवताना बोलल्या नाहीत. रागावून निघून जातील असं रामेश्वरला वाटलं, पण त्या गेल्या नाहीत.

सकाळी चहाच्या वेळी त्या खोलीच्या दारात आल्या. उन्हं नुकतीच वर आली होती आणि कमानीतल्या काचांचे रंग गुलाबी चादरीवर सांडले होते. आप्पा अंगणात हौदाचं झाकण पुसत होते. गोजरबाई जराशा घुटमळल्या, मग आत येऊन पलंगाच्या काठावर टेकल्या. हातानं चादर चाचपली. लाल उजेड आपल्या हातावर आला तसा तो उलटा-पालटा करून पाहिला.

"बाना," त्या म्हणाल्या, आणि आवाजातला तिखटपणा जरा उतरला होता, "ही खिडकी कुठं भेटते गं? आमच्याकडं बी एक खोली हाये. कापूस ठिवतात तिच्यात."

बानाबाईनं चहाचा कप त्यांच्या हातात दिला, शेजारी बसली आणि सांगायला सुरुवात केली. जुना बाजार, नवाबभाईंचा रंधा, दुधातली हळद, गुलमंडीचं दुकान, पलंग ठेंगणा का ठेवला ते. सगळं सविस्तर सांगितलं, आणि त्यातली एकही गोष्ट कमी करून सांगितली नाही.